पडायचं त्यांनी, धुवायचं मी!

नाही म्हणजे नाही! तुमचा शर्ट झालेला नाही काका, तुमचे अभ्रे झालेले नाहीत ताई, आणि मागे उभे आहेत त्या मास्तरांचा कोट तर मी अजून उघडूनसुद्धा बघितलेला नाही, आणि असं रागाने बघू नका माझ्याकडे, आधी हे हात बघा! बघा, बघा... बोटं कशी झालीत? पाण्यात भिजत घातलेल्या मनुका बऱ्या! मला कळतंय तुमच्या मनात काय चाललंय. बाईच्या पाठीमागे एवढं थोरलं मशीन उभं आहे, चांगलं धडधाकट, मग ही बया हाताने का धुतेय? तेच तर सांगतेय ना! मशीनला हात लावायची मला बंदी आहे. माझ्याच दुकानात! माझ्याच मशीनला! कुणी घातली बंदी? माझ्याच पोटच्या पोरीने! आणि का घातली? तर फुटबॉलमुळे! हसू नका ताई, तुमचे अभ्रे फुटबॉलमुळेच अडकलेत. पडायचं त्यांनी, धुवायचं मी!

मास्तर नवीन आहेत गावात, त्यांना माहीत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगते. बसा मास्तर, त्या बोचक्यावर बसा, ते स्वच्छ आहे. तर आपल्याकडे काय, फुटबॉलची लीग आहे. डेपोवाल्यांचा संघ, बेकरीवाल्यांचा संघ, छापखान्याचा, इस्पितळाचा, सगळे दिवसभर कामं करणारे लोक, आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात जाऊन चिखलात लोळायचं. लोळा बापडे! पण त्या सगळ्यांचे कपडे येतात कुठे? इथे. ह्या काउंटरवर. बेकरीवाले निदान शहाणे, त्यांचा शर्ट तपकिरी. डेपोवाल्यांचा शर्ट कुठला असेल? पांढरा! मी विचारलं, अहो, चिखलात खेळायला पांढरा कुणी निवडला? तर म्हणे, "काकू, उठून दिसतो." उठून! ज्या माणसांना मैदानात उभं राहता येत नाही, त्यांचे शर्ट उठून दिसणार!

कारण हे लोक पडतात हो! आता खेळात माणूस पडणारच, त्याला माझी ना नाही. कुणी पाय घातला, पडला. धक्का लागला, पडला. पण हे कसे पडतात? वाऱ्याने पडतात! समोरच्याच्या सावलीला अडखळून पडतात! मागच्या मोसमात एक जण आपल्याच बुटाची नाडी सुटली म्हणून पडला आणि वर रेफरीकडे बोट करून ओरडतोय, "आई गंऽऽ, मेलोऽऽ, पाय गेला माझाऽऽ!" मग चार जण धावतात, एक पाणी मारतो, एक पाय चोळतो, तो चुकीचाच पाय चोळतो, आणि हा बेटा एक डोळा किलकिला करून बघतोय, रेफरीने फाउल दिला का? दिला! की टुणकन उठला, फ्री किक मारायला हाच पहिला! अरे, आत्ता मेला होतास ना तू?

आणि मला इथे बसून कळतं बरं का, कोण खरा पडला आणि कोण खोटा. ज्याला खरंच पाडलं त्याचा शर्ट कुठेही मळतो, खांद्याला, कोपराला, पाठीला, आडवातिडवा. आणि खोटं पडणाऱ्याचा? गळ्यापासून पोटापर्यंत एक सरळ हिरवा पट्टा, कसा रंगाऱ्याने ओढावा तसा! कारण तो पडत नाही, तो अंग झोकून देतो, दोन्ही हात पुढे करून, विहिरीत सूर मारल्यासारखा. आणि गवताचा डाग म्हणजे काय असतो ते विचारा मला. चिखलाचं सोपं आहे, वाळू द्यायचा, झटकायचा, धुवायचा. गवत नाही निघत! भिजवा, चोळा, पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. तो तिकडे टाळ्या घेतो आणि इकडे माझे खांदे भरून येतात. पडायचं त्यांनी, धुवायचं मी!

म्हणून मी गेले लीगच्या मीटिंगला. कुणी बोलावलं नव्हतं, अशीच गेले. तिथे ते चष्मेवाले सेक्रेटरी, मोठे गंभीर होऊन बसलेले, विषय काय, तर "रेफरीला फसवण्यासाठी पडणाऱ्या खेळाडूंवर कारवाई". एक म्हणाला, सामन्यातून बाहेर बसवा. मी म्हटलं, बाहेर बसवून काय होणार? सावलीत बसेल, लिंबू चोखेल. दुसरा म्हणाला, सगळ्यांसमोर माफी मागायला लावा. मी म्हटलं, अहो, जो एवढं रडायचं नाटक करतो, त्याला माफीचं नाटक जड आहे का? तेव्हा सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मग काकू, तुम्हीच सांगा शिक्षा." मी म्हटलं, सांगते! जो खोटा पडेल, त्याने त्या सामन्याचे सगळे कपडे धुवायचे. आपल्या संघाचेही आणि समोरच्याचेही. माझ्या दुकानात येऊन, सगळ्यांच्या देखत, हाताने! मशीन नाही! ब्रश, साबणाची वडी आणि टब!

हसले हो! सगळे पोट धरून हसले. सेक्रेटरींचा चष्मा कपाळावरून नाकावर पडला. घरी आले आणि आमच्या ह्यांना सांगितलं... हे आमचे हे, तिकडे इस्त्री करतायत ते, बोलत नाहीत फारसे... ह्यांना म्हटलं, लीगच्या कपड्यांना हात लावायचा नाही. आले तसे पडू देत. पुढच्या सुट्टीला सगळ्यांची बोचकी जशीच्या तशी परत! चिखलासकट, घामासकट! अहो, ते शर्ट वाळून असे कडक झाले होते की भिंतीला टेकवला तर माणसाविना उभा राहावा. डेपोवाल्यांच्या गोलकीपरला हात वरच करता येईना. कसा करणार? शर्ट वाकतच नव्हता! शेजारून बॉल गेला तरी हा आपला कवायतीत सावधान केल्यासारखा उभा. त्याच संध्याकाळी सेक्रेटरी इथे, ह्या काउंटरवर, मास्तर, तुम्ही बसलात ना अगदी तिथेच. "काकू," म्हणाले, "नियम केला." शब्दन् शब्द माझा! पिवळं कार्ड आणि सामन्याचं धुणं, हाताने!

आणि काय सांगू तुम्हाला, जादू झाली! पडायचे बंद! तोंडात बोटं घालावीत असे सामने व्हायला लागले. इस्पितळाच्या संघातला एक जण, त्याला खरोखर लाथ बसली हो, सणसणीत, मी स्वतः आवाज ऐकला, तर तो एका पायावर लंगडी घालत रेफरीभोवती फिरतोय आणि ओरडतोय, "मी पडलो नाहीये! बघा हं, मी उभा आहे! मी उभाच आहे!" छापखान्याचा एक जण पडता पडता दुसऱ्याच्या गळ्यात पडला, त्याला घट्ट मिठी मारून म्हणतो, "मला धर रे, टेकू देऊ नको!" दोघं विरुद्ध संघातले! मी स्टँडमध्ये बसून बघत होते आणि कॉलर ताठ करून शेजारणीला सांगत होते, हा नियम माझा बरं का. विचारलं नव्हतं तिने. तरी सांगितलं. दोनदा सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉलरी ताठ केल्या, एकदा आपली केली तर काय बिघडलं?

...काय? हो हो, आणते उशी! थांबा जरा! आतून आवाज येतोय ना, ते आमचे जावई आहेत. येतेच त्यांच्यावर, तेच तर सगळ्याचं मूळ आहे.

तर आमची लेक. एकुलती एक. इस्पितळात एक्स-रे काढते आणि सुट्टीच्या दिवशी ह्या लीगमध्ये रेफरी असते. हो, रेफरी! काळी चड्डी, काळा शर्ट, गळ्यात शिट्टी. लहानपणापासून तशीच ती. घरात मी आणि हे भांडायला लागलो की मध्ये उभी राहून म्हणायची, "आई, तू दोन वाक्यं जास्त बोललीस, आता बाबांची पाळी." ह्यांना बिचाऱ्यांना पाळी मिळूनही काही सुचायचं नाही ते सोडा. पण न्याय म्हणजे न्याय! रेफरी झाली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, बाईमाणसाला झेपणार का, पळणार का, ऐकणार कोण? आता काय म्हणतात? "शिट्टी बाईंची असली तर नीट खेळा रे, तिला सगळं दिसतं." माझी लेक आहे हो ती! मी एक डाग सोडत नाही, ती एक फाउल सोडत नाही.

आणि आमचे जावईबापू. डेपोत बस चालवतात. आता बस काय सुरेख चालवतात! मांडीवर मूल झोपलेलं असलं तर ते जागं होणार नाही अशी चालवतात. स्वभाव तर लोणी. माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलणं नाही, आल्याबरोबर पाया पडणार... बघा! पडणंच आलं परत! कारण हा लोण्यासारखा माणूस डेपोचा सात नंबरचा शर्ट घालून मैदानात उतरला की त्याचं काय होतं देव जाणे, तो गोलाजवळ गेला रे गेला की विरघळतो! पण जावई पडले! इतरांना मी चारचौघांत बोलू शकते, जावयाला काय बोलू? घरी आले की मीच विचारायचे, "लागलं नाही ना फार?" आणि आत जाऊन त्यांच्या शर्टावरचा हिरवा पट्टा चोळत बसायचे, दात ओठ खात! पडायचं त्यांनी, धुवायचं मी!

आता नवा नियम आल्यापासून जावईबापू सांभाळून होते. पण आली फायनल! डेपो विरुद्ध बेकरी. आणि आपल्या लीगची पद्धत माहितीय ना? रेफरी चिठ्ठी टाकून ठरतो. चहाच्या किटलीत सगळ्या रेफरींच्या चिठ्ठ्या घालायच्या, झाकण लावायचं, हलवायची, आणि सेक्रेटरींनी डोळे मिटून एक काढायची. जी निघाली ती निघाली, बदलायची नाही. कारण इथे सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, नाती बघत बसलं तर शिट्टी वाजवायला माणूस चंद्रावरून आणावा लागेल. तर सेक्रेटरींनी हात घातला, चिठ्ठी काढली... आमची लेक! गावभर एकच चर्चा. तो सायकलच्या पंक्चरवाला तर इथे येऊन मला तोंडावर सांगून गेला, "काकू, डेपोचा कप नक्की! नवऱ्याविरुद्ध कुठली बायको शिट्टी वाजवते?" मी म्हटलं, तुझं लग्न झालेलं दिसत नाही!

म्हटलं खरं, पण जीव टांगणीला लागला होता माझा. कारण बघा ना, तिने नवऱ्याच्या बाजूने एक जरी चूक केली, तरी आजवर कमावलेलं सगळं गेलं. पुन्हा कुणी म्हणून तिच्या शिट्टीला किंमत देणार नाही. आणि विरुद्ध दिली तर? संसार तिचाच आहे ना? संध्याकाळी त्याच घरात जायचंय, त्याच टेबलावर जेवायचंय. मी हळूच तिला म्हटलं, "बाळा, डोकं दुखतंय असं सांगून टाक." तर माझ्याकडे असं बघितलं तिने! म्हणाली, "आई, खोटं दुखणं सांगू? मग माझ्यात आणि पडणाऱ्यात फरक काय?" आमचे हे इस्त्री थांबवून पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "बरोबर आहे तिचं." आणि परत इस्त्री करायला लागले.

तर फायनल. काय गर्दी म्हणता! बेकरीवाल्यांचा तो बचावातला दांडगा, दिवसभर कणीक मळून दंड हे असे झालेले, तो आमच्या जावईबापूंच्या पाठीशी सावलीसारखा. बरोबरी चाललेली. संपायला थोडासाच वेळ राहिलेला. लोकांचे घसे बसलेले. माझ्या मागेच तो पंक्चरवाला, लेकीने डेपोविरुद्ध एक फाउल दिला तर हा ओरडला, "ए रेफरी, तुझ्या आईला विचार जा!" मी उभी राहिले, मागे वळले आणि म्हटलं, "विचार! आई इथेच आहे! काय विचारायचंय?" खाली बसला मुकाट्याने. मला म्हणे, "काकू, शेंगदाणे घ्या."

तेवढ्यात बॉल आला जावईबापूंकडे. निघाले! एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, गोलाच्या समोरच्या चौकोनात शिरले, मीपण उठून उभी, कोण कुठल्या संघाचं ते विसरून ओरडतेय, "चला, चला जावईबापू, चला!" तो कणीकवाला आडवा आला. त्याने पाय पुढे केला... आणि मागे घेतला. मला दिसलं, घेतला मागे! पण आमचे जावई? एकदम हवेत! दोन्ही हात पुढे, मान वर, तोंड उघडं, विहिरीत सूर! "आई गंऽऽऽऽ!" अशी किंकाळी की माझ्या शेजारणीच्या हातातले शेंगदाणे सांडले. आणि मग गडगडले, गडगडले, थांबले, आणि कुणी बघत नाहीसं वाटलं म्हणून आणखी एकदा गडगडले!

पेनल्टी दिली तर कप डेपोचा. लेक धावत आली. शिट्टी तोंडात. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, काय करशील गं बाळा? शिट्टी वाजली. डोळे उघडले तर जावईबापूंचा एक डोळा किलकिला, ओठांवर बारीक हसू, बायको आहे, बायको... आणि बायकोने खिशातून काढलं पिवळं कार्ड! हात सरळ वर! काय तो हात, काय ती मान! आणि स्वच्छ आवाजात, घरी "अहो, ऐकलंत का" म्हणणारी माझी पोर म्हणते, "सात नंबर, उठा. कपडे भिजत घालायचेत."

तुम्हाला सांगते, ऊर भरून आला हो माझा! मी बाकावर चढले! बाकावर, ह्या वयात! टाळ्या वाजवल्या, ओरडले, "माझी लेक आहे ती! माझी!" डेपोवाले माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघतायत, जावई खाली चिखलात बसून माझ्याकडे बघतायत, आणि सासू बाकावर नाचतेय! मग बेकरीवाल्यांनी कॉर्नरवर गोल केला आणि कप त्यांनी नेला. आणि बाकावरून उतरता उतरता माझ्या एकदम लक्षात आलं... अगं बाई! सामन्याचं धुणं! माझ्या दुकानात! म्हणजे जावई माझ्याकडे येऊन धुणं धुणार?

घरी आल्यावर मी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, एवढी खात्री कशी तुझी? तू तर मागून येत होतीस." म्हणाली, "आई, पडायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्याला खरंच लागतं, त्याला बघायला वेळ कुठे असतो?" एवढंच. दोघं जेवायला आमच्याकडेच होती, पण एकमेकांशी बोलत नव्हती हं. तो म्हणतोय, "आई, तिला सांगा, मीठ हवंय." ती म्हणतेय, "आई, त्यांना सांगा, मीठ समोर आहे." मीठ माझ्यासमोर होतं, मी दोघांच्याही पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू हजर. सांगते तुम्हाला, माणूस मोठा. रुसलेला होता, पण शिक्षा टाळली नाही. आणि बाहेर अर्धं गाव! ज्यांचे कपडेसुद्धा नाहीत माझ्याकडे, तेही पिशव्या घेऊन उभे! लेक रेफरी म्हणून देखरेखीला आलेली, इथे ह्या खांबाला टेकून. आता माझी पंचाईत बघा. जावयाला सासू काय म्हणणार? "या, बसा, चहा घ्या... आणि मग तो टब घ्या." बसायला पाट दिला, अंगाला पुसायला नवा टॉवेल दिला, आणि समोर बावीस जणांचं चिखलाने थबथबलेलं बोचकं ओतलं. बसले बिचारे. आणि चोळतात कसे? स्टिअरिंग फिरवल्यासारखे! हळूहळू, प्रेमाने, डावीकडे, उजवीकडे. मी म्हटलं, अहो जावईबापू, असं गवत जन्मात निघणार नाही! द्या इकडे. मीच बसले खाली, वडी घेतली, कॉलरीला कशी लावायची, पट्ट्यावर कशी घासायची ते दाखवलं, आणि दाखवता दाखवता बाहेर तो पंक्चरवाला काहीतरी खिदळला म्हणून त्याला झापायला उठले... आणि वडी ठेवली फरशीवर.

जावईबापू पिळलेला शर्ट दोरीवर टाकायला उठले. पाय वडीवर. धप्प!

बाहेरचे सगळे ओरडले, "कार्ड! कार्ड! पुन्हा पडला!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! आणि मीसुद्धा... मीसुद्धा कमरेवर हात ठेवून म्हटलं, "उठा जावईबापू, इथे पेनल्टी नाही मिळायची!" कोण हसलं म्हणून सांगू, आमचे हे सुद्धा हसले! फक्त एक माणूस हसला नाही. लेक. ती खांबापासून सरळ पुढे आली, हात वर केला, आणि सगळे गप्प. म्हणाली, "थांबा. ह्यांनी कुणाकडे बघितलं नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, जावईबापूंनी आवाजसुद्धा केला नव्हता. "आई गं" नाही, गडगडणं नाही. पाय धरून, ओठ दाबून, पांढरेफटक बसले होते. लेक गुडघ्यावर बसली, घोट्याला हात लावला. "अहो, फार दुखतंय का?" अहो! सात नंबर नाही! तो म्हणाला, "फार नाही." आणि डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. मग इस्पितळात नेलं, फोटो काढला, तिनेच काढला, तर हाडाला केसासारखी चीर. फोटो नंतर निघाला, मास्तर, हिने आधीच सांगितलं होतं! ही नजर! काल तोच माणूस पडला तर उठा म्हणाली आणि आज तोच माणूस पडला तर जवळ बसली, आणि दोन्ही वेळा बरोबर! पुऱ्या लीगमध्ये अशी रेफरी दाखवा मला!

पण थांबा, इस्पितळात नेण्याआधीचं राहिलंच. जावयांना खुर्चीत बसवलं, पाय वर केला, आणि लेक उभी राहिली. सगळ्यांकडे बघत म्हणाली, "वडी फरशीवर कुणी ठेवली?" पंक्चरवाला मेला माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "मी ठेवली. त्यात काय एवढं?" आणि तिने खिशात हात घातला. मी म्हटलं, नाही नाही, नाही काढणार, मी आई आहे तिची, नऊ महिने पोटात... काढलं! पिवळं कार्ड! हात सरळ वर! माझ्या नाकासमोर, माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांच्या देखत! मी म्हटलं, "अगं, मी तुझी सख्खी आई!" म्हणाली, "माहीत आहे. धोकादायक खेळ. तुझ्यामुळे माणूस जखमी झाला, आता त्याचं राहिलेलं काम तू पुरं करायचं."

मी म्हटलं, बरं बाई, एवढंच ना? आणि वळले मशीनकडे. बोचकं उचललं, झाकण उघडलं... मागून टुर्रऽऽ! शिट्टी! "आई, मशीन नाही. हाताने. नियम तुझाच आहे."

आमचे हे म्हणाले, "बरोबर आहे तिचं." आता बोलायला सुचतं ह्यांना!

तर तेव्हापासून हे असं. दोन्ही संघांचे कपडे, हाताने, आणि त्यात त्या हिरव्या पट्ट्याने माझा जीव घेतलाय, अजून अर्धा निघायचाय. ते संपेपर्यंत मशीन बंद, तसा हुकूमच आहे रेफरीबाईंचा. जावई आत खाटेवर, पाय उशीवर. माझ्याकडेच ठेवून घेतलेत, लेकीला ड्युटी असते ना. आणि दोघं बोलायला लागली हं! काल ती त्याला म्हणाली, "पुढच्या मोसमात उभं राहून गोल मारायचा." तो म्हणाला, "आधी उभा तर राहू दे." हसली दोघं. मी इथे चोळता चोळता ऐकलं आणि डोळे पुसले. साबण गेला होता डोळ्यात. नाही, साबण नव्हता, खोटं कशाला बोलू, भरून आलं होतं मला! सख्ख्या आईला कार्ड दाखवणारी पोर कुणाच्या पोटी येते का हो? काय झोकात दाखवलं! हात बघायला हवा होता तुम्ही, असा सरळ, बगलेत एक सुरकुती नाही! शर्ट मी इस्त्री केला होता तो.

...आणते हो जावईबापू, उशी आणते, चहाही आणते, तुम्ही उठू नका! अजिबात उठू नका! ...काय म्हणालात काका? शर्ट कधी मिळेल? एवढं सगळं सांगितलं आणि तुमचं आपलं शर्ट कधी? अहो, शिक्षा आहे ती, शिक्षेला घाई करून चालत नाही, रेफरी बघत असते! तेव्हा सरळ हिशेब आहे, पडायचं त्यांनी, धुवायचं मी... आणि थांबायचं तुम्ही!